तुमच्या ऑफिसातलं काम कुठं गेलं? 'दी ऑफिस'वाल्यांना उद्यमबागेतून खुलं पत्र

प्रति,
'दी ऑफिस' लिहिणारे, काढणारे आणि लांबवणारे सगळे,
मुक्काम अमेरिका.

विषय : तुमची मालिका बिघडली त्याबद्दल, आणि नवीन बिघडू नये म्हणून.

स.न.वि.वि.

निवेदनं लिहायची आम्हा बेळगावकरांना सवय आहे. बोर्डावरच्या मराठीसाठी लिहितो, शेताचा उतारा मराठीत मिळावा म्हणून लिहितो, रस्त्यातल्या खड्ड्यासाठी लिहितो, पोच घेतो, फायलीला लावतो आणि पुढचं लिहायला बसतो. तसंच हे एक समजा, तुमच्या त्या कागद कंपनीच्या ऑफिसवरच्या विनोदी मालिकेबद्दल, ज्यात शूटिंगवाले ऑफिसातल्या माणसांची डॉक्युमेंटरी काढत असतात. उत्तर आलंच पाहिजे असा आग्रह नाही.

आणि लांबलेली मालिका म्हणजे काय ते तर आम्हाला कुणी सांगायलाच नको. १९५६ला भाषावार राज्यं झाली आणि आम्ही इकडं आलो, तेव्हापासून आमचं चालूच आहे, मध्ये महाजन कमिशन येऊन गेलं, २००४ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला. तुमचा पहिला भाग लागला २४ मार्च २००५ला. म्हणजे आमची केस तुमच्या मालिकेपेक्षा वयानं मोठी. तुमचे नऊ सीझन आणि २०१ भाग होऊन १६ मे २०१३ला तुम्ही गाशा गुंडाळला पण, आणि आमच्या गावाचं नाव बदलून बेळगावी झालं तरी आमच्या तारखा काय संपेनात. तेव्हा लांबण्याबद्दल माझी तक्रार नाही हे आधी सांगून ठेवते, तक्रार वेगळीच आहे.

मी उद्यमबागेत एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. हायड्रॉलिकला लागणारे पार्ट आमच्यात मशिनिंग होतात, कास्टिंग बाहेरून येतं. लागले तेव्हा फोनवर होते, म्हणजे तुमच्या रिसेप्शनवरच्या पॅमचीच जागा, दारात टेबल, आलेला प्रत्येक जण "साहेब आहेत काय?" विचारणार आणि साहेब काचेच्या मागून हातानं "नाही म्हण" सांगणार. आता चलन, ई-वे बिल आणि ट्रान्सपोर्टवाल्यांशी भांडण हे माझं खातं. लॉकडाऊनात कारखाना बंद होता तेव्हा भावाच्या मुलानं मोबाईलवर तुमची मालिका लावून दिली, "आत्या, हे बघ की, तुझ्याच ऑफिसचं काढलंय." इंग्रजी निम्मं पळून जायचं, खालची अक्षरं वाचत वाचत बघितली. २०२० या एका वर्षात अमेरिकेत लोकांनी ही मालिका ५,७१० कोटी मिनिटं बघितली म्हणे, त्यात आमच्या शहापुरातली मिनिटं धरलेली नाहीत.

पहिल्यांदा सगळी बघितली. दुसऱ्यांदा बघताना आठवा सीझन पळवत बघितला. आता तिसऱ्यांदा चालू आहे आणि मॅनेजर मायकल नोकरी सोडून विमानतळावर गेला की मी मोबाईल उलटा ठेवून कणीक मळायला उठते.

सगळे म्हणतात की मायकलचं काम करणारा स्टीव्ह कॅरेल २०११च्या एप्रिलमध्ये गेला आणि म्हणून वाट लागली. मला ते पटत नाही. मॅनेजर जातातच की ओ. आमच्या इथनं तर दर दोन वर्षाला एक पुण्याला जातो. माणूस गेल्यामुळं ऑफिस बिघडत नाही, तुमच्या ऑफिसातलं काम त्याच्या आधीपासूनच हळूहळू निघून चाललं होतं आणि तुमच्या कुणाच्या लक्षात आलं नाही, किंवा आलं असेल आणि सोडून दिलं असेल.

सुरुवातीचं आठवा. स्क्रँटन, कोळशाचं आणि लोखंडाचं जुनं गाव, न्यूयॉर्क पण लांब नाही आणि फिलाडेल्फिया पण नाही, म्हणजे जरा शिकलेला पोरगा दिसला की तो कुठं जाणार हा एकच प्रश्न. आमच्या बेळगावात तोच प्रश्न पुणे की बेंगळुरू एवढाच. त्या गावात डंडर मिफलिन नावाची एक कागद विकणारी कंपनी, मोठमोठी दुकानं तिचं गिऱ्हाईक खाऊन टाकायला लागलेली, ब्रँच आज बंद होईल की उद्या ही टांगती तलवार. आणि त्या तलवारीखाली बसून तुमची माणसं जोक करत होती. म्हणून हसू यायचं ना. दुसऱ्या सीझनमध्ये मायकलला महिनाअखेरीच्या आत एकाला कामावरून काढायचंय, हा गडी दिवसभर टाळतो, याला सांगून बघतो, त्याला सांगून बघतो, शेवटी एकाला काढतो आणि हॅलोविनच्या रात्री घरी एकटाच बसून दारात आलेल्या पोरांना गोळ्या वाटतो. त्या भागाला मी हसले का रडले मला आठवत नाही.

त्याच सीझनमध्ये मायकल आणि त्याची वरची साहेब जॅन एका सरकारी गिऱ्हाइकाला गाठायला जातात. जॅननं चांगलं हॉटेल ठरवलेलं, हा परस्पर बदलून चिलीजमध्ये नेतो, तासन् तास फालतू जोक, बरगड्या चोखत बसलेत दोघं, कागदाचा विषयच नाही, जॅनचं डोकं फिरायची वेळ आलेली, आणि शेवटी बरोबर वेळेला दोन वाक्यं बोलून ऑर्डर खिशात घालतो. मी ते बघून उठून बसले. कारण हा माणूस मी बघितलाय! आमचे एक जुने मॅनेजर, मीटिंगमध्ये काय बोलतील नेम नाही, बायकांसमोर नको ते विनोद, दुसऱ्याच्या वाढदिवसाचा केक स्वतःच निम्मा संपवणार. पण कोल्हापूरकडच्या गिऱ्हाइकानं माल रिजेक्ट करून डेबिट नोट पाठवली की हा बाबा गाडी काढून जायचा, तिथं बसून तांबडा-पांढरा प्यायचा, त्यांच्या उसाला तोड मिळाली काय विचारायचा, आणि संध्याकाळी येताना डेबिट नोट निम्मी करून आणायचा. बाकी सगळं माफ होतं त्याला त्याच्यामुळं. तुमचा मायकल तसा होता, साहेब म्हणून येडा पण धंद्यात पक्का, आणि हे तुम्हीच रचलं होतं, मी नाही.

आता केविन. अकाउंटचा केविन. दुसऱ्या सीझनच्या शेवटी गोडाऊनमध्ये जुगाराचा कार्यक्रम असतो, तिथं तो शांतपणे सांगतो की २००२ला वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरची एक स्पर्धा मी जिंकलोय. म्हणजे पत्त्यांचा हिशोब डोक्यात ठेवणारा गडी. संथ बोलतो, जाड आहे, बँडमध्ये ड्रम वाजवत गातो पण, आणि आकडे नीट लावतो. असा माणूस प्रत्येक अकाउंटला असतो, आमच्यात पण एक मामा आहेत, दिवसभर झोपल्यासारखे दिसतात आणि जीएसटीत तीन रुपयांचा फरक आला तर रात्री आठपर्यंत खुर्ची सोडत नाहीत. तुम्ही त्याचं काय केलं? आठव्या सीझनला तो वेळ वाचवायला म्हणून अर्धी अर्धी वाक्यं बोलायला लागतो, आणि शेवटी शेवटी कळतं काय तर हिशोब जुळवायला यानं स्वतःच एक नवीन आकडा काढला होता. हसायला येतं, नाही असं नाही. पण दुसऱ्या दिवशी मामांकडं बघितलं आणि वाईट वाटलं. पोकर जिंकलेल्या माणसाला तुम्ही बालवाडीत नेऊन बसवलात.

एक कबूल करते. पाचव्या सीझनचा तो भाग, २००९च्या १ फेब्रुवारीला सुपर बोलची मॅच संपल्यावर लागलेला, सेल्सचा ड्वाइट सगळ्यांना धडा शिकवायला खोटी आग लावतो, दारं बंद, माणसं वेड्यासारखी पळतायत, अँजेला मांजर छतात फेकते, स्टॅनलीला अटॅक येतो. तो बघताना मला ठसका लागून आई पाणी घेऊन धावत आली. जबरदस्त आहे. पण मला वाटतं तुम्हाला त्याची चव लागली ना, तिथंच गडबड झाली. दंगा केला की लोक हसतात हे कळलं आणि मग रोजच दंगा, कागदाची ऑर्डर कुणी घेतली, कुणाचं पेमेंट अडकलं, फोनवर कोण कुणाशी खोटं बोललं, हे सगळं मागं मागं सरकत गेलं.

मग मायकल गेला. त्याच्या जागेला मुलाखती घेतल्या तुम्ही, आणि मुलाखतीला कोण कोण? जिम कॅरी. वॉरन बफे. अहो वॉरन बफे! स्क्रँटनच्या कागदाच्या ब्रँचला मॅनेजर व्हायला! आमच्यात मॅनेजरची जागा निघाली तर एक मालकांच्या मेव्हण्याच्या ओळखीचा येतो, एक निपाणीचा येतो तो पगार ऐकून परत जातो, आणि एक सगळं नीट बोलतो आणि जॉइन व्हायच्या दिवशी फोन उचलत नाही. याच्यात विनोद कमी आहे काय? एवढा मोठमोठा माणूस बोलावून तुम्ही तो एक भाग पळवलात आणि पुढच्या दोन वर्षांचं काय करायचं ते ठरवलंच नाही.

आठव्या सीझनचा हिशोब बघा. रॉबर्ट कॅलिफोर्निया नावाचा गडी मॅनेजर म्हणून लागतो आणि लगेच जाऊन कंपनीच्या मालकिणीलाच तिच्या जागेवरून बोलून उठवतो, मग सेल्सचा अँडी मॅनेजर, मग अँडी आवडत्या पोरीला आणायला फ्लोरिडाला जातो तर मागं नेली नावाची बाई येऊन त्याच्या खुर्चीत बसते आणि म्हणते मीच मॅनेजर. आणि चालून जातं! कुणी ऑफर लेटर विचारत नाही, कुणी विचारत नाही पगार कुठल्या हेडला टाकायचा. निम्मं ऑफिस उचलून फ्लोरिडाला नेलं ते आणखी वेगळंच, तिथं स्टॅनली जरा खुलला तेवढं एक बरं झालं. अँडीनं सेल्स टार्गेटसाठी स्वतःच्या ढुंगणावर टॅटू काढून घ्यायचं कबूल केलं तो भाग मात्र मला आवडला, खोटं कशाला बोलू, का आवडला सांगू, त्याच्यात टार्गेट होतं, माणसं फोनवर बसून खरोखर कागद विकत होती.

आता मी सांगते मॅनेजर नसलेलं ऑफिस कसं असतं.

आमचे मॅनेजर चाकणला गेले, मालक म्हणाले "नवीन मिळेपर्यंत सगळे मिळून सांभाळा." सगळे मिळून म्हणजे कोण? रजेच्या फॉर्मवर खाली 'मॅनेजर' छापलेलं, तिथं सही कुणी करायची? अकाउंटचे मामा म्हणाले उद्या ऑडिटला माझी सही दिसली तर. क्वालिटीवाल्यानं केली, पण पेन्सिलीनं. स्टोअरकीपर म्हणाला मी रजाच घेत नाही मला काय त्याचं. आणि गेटपासचं बुक मॅनेजर चहा-साखरेच्या कपाटात ठेवायचे, त्या कपाटाची किल्ली आमच्या ऑफिस बॉयकडं. बैलहोंगलकडचा पोरगा, वीस-बावीस वर्षांचा, मराठी कळतं पण बोलत नाही. दोन आठवड्यांत काय झालं बघा, जे लोक त्याला "ए चहा आण" म्हणून ओरडायचे ते दारात उभं राहून मोडक्या कानडीत "चहा कोडतीरेनरी?", म्हणजे चहा देताय काय, विचारायला लागले. लवकर जायचं असलं तरी त्याच्याकडं, पोराला दवाखान्यात न्यायचं असलं तरी त्याच्याकडं. तिसऱ्या आठवड्यात एकदा क्वालिटीवाला गेटपास मागायला गेला तर पोरगा मोबाईलमधून मान न काढता म्हणाला, "नाळे बर्री." उद्या या! सरकारी ऑफिसात आयुष्यभर जे ऐकलं ते आमच्याच चहाच्या कपाटापुढं. मी डिस्पॅचच्या टेबलाखाली तोंड घालून हसले, आणि मग माझा पण पास अडकला तेव्हा मुकाट्यानं गणपत गल्लीतनं पाव किलो कुंदा घेऊन गेले.

मॅनेजरशिवायचे आमचे हे तीन महिने तुम्हाला मिळाले असते तर? तुमच्याकडं ड्वाइट होता, वर्षानुवर्षं त्या खुर्चीला टपलेला. काय करेल नेम नाही असा क्रीड होता. गोडाऊनमध्ये डॅरिल होता, ज्याला खरंच काम येत होतं. खुर्ची रिकामी ठेवली असती नुसती, सहा भाग, तर माणसांनी आपली आपण मजा केली असती. पण तुम्हाला खुर्ची भरायची घाई.

मला कारणं कळत नाहीत असं नाही. मूळची ब्रिटनची मालिका सगळे भाग धरून चौदा, रिकी जर्व्हेस आणि स्टीफन मर्चंटनी २००३ला आवरतं घेतलं आणि घरी गेले. तुमच्याकडं एका सीझनला बावीस, पंचवीस, पाचव्याला तर अठ्ठावीस. शंभराच्या आसपास भाग झाले की रिपीटचे हक्क विकून खरा पैसा सुरू होतो, मग चालू दुकान कोण बंद करणार. त्यात तुमची मालिका काढणारे ग्रेग डॅनियल्स आणि लिहिणारे मायकल शूर यांनी २००९ला पार्क्स अँड रिक्रिएशन ही दुसरी मालिका काढली, घरातली कर्ती माणसं दुसऱ्या घराच्या वास्तूला गेली आणि इथं ज्याला जमेल तसं त्यानं रेटलं. डॅनियल्स शेवटच्या सीझनला परत आले ते कळतं लगेच, पण तोवर दूध नासलेलं. तरी तुम्ही काय केलंत, शूटिंगवाल्यांतला तो माईकवाला काढलात. आठ वर्षं कॅमेऱ्यामागं गप्प असलेला माणूस पॅम रडताना पुढं येतो, त्याची कामावरनं हकालपट्टी होते, मला वाटलं आता काहीतरी मोठं होणार. काही झालं नाही. दोन-तीन भागांत तो गेला तो गेलाच.

आणि अँडीला बोटीवर पाठवला तीन महिने. तीन महिने मॅनेजर ऑफिसात नाही आणि वरच्याला पत्ता नाही. आमच्यात तीन दिवस ई-वे बिल निघालं नाही तर मालक दारात.

पॅमच्या चित्रांबद्दल लिहायचं राहिलं. तिसऱ्या सीझनमध्ये तिचं प्रदर्शन असतं, ऑफिसातलं कुणी धड येत नाही, अकाउंटचा ऑस्कर येतो तो नावं ठेवतो, ती चित्रं उतरवायला लागते आणि तेवढ्यात मायकल उशिरा येतो, आपल्या ऑफिसच्या बिल्डिंगचं चित्र बघतो, विकत घेतो. माझं पण एकदा झालं होतं, रांगोळीचं. टिळकवाडीत एक हॉल घेतला होता आम्ही चौघींनी, मी ऑफिसच्या नोटीस बोर्डाला चिठ्ठी लावली, चहाच्या वेळेला तोंडानं पण सांगितलं. कोण आलं? वॉचमनकाका. ड्युटी संपवून युनिफॉर्मातच आले, बूट बाहेर काढले, भिंतीला धरून धरून सगळ्या बघितल्या आणि माझ्या रांगोळीपाशी पाच मिनिटं उभे राहिले. मग म्हणाले, "हे पुसणार काय गं आता?" मी म्हटलं होय की, रात्री हॉल रिकामा करून द्यायचाय. ते काय बोलले नाहीत, बूट घातले आणि सायकल काढून गेले.

म्हणून अगदी शेवटच्या भागात पॅम ते बिल्डिंगचं चित्र भिंतीवरनं काढून घेते ना, तिथं तुमचं आठव्या-नवव्या सीझनचं सगळं माफ करावं असं मला वाटलं. पाच मिनिटं वाटलं. मग परत आठवलं.

आता मुद्द्याचं. २०२५च्या सप्टेंबरात तुम्ही नवीन काढलंत, दी पेपर, ओहायोतल्या टोलेडोचं मोडकळीला आलेलं वर्तमानपत्र, शूटिंगवाली माणसं तीच, अकाउंटला आपला ऑस्कर, आणि त्याच कंपनीत टॉयलेट पेपर विकणारे. नाव मराठीत फार बेस बसलंय, आमच्यात वर्तमानपत्राला पेपरच म्हणतात आणि डंडर मिफलिन विकायची तो कागद. तर आता विनंती एवढीच की त्या पेपरात पेपरचं काम राहू द्या. बेळगावात पेपर आला की आधी निधनवार्ता उघडतात, मग बाकी जग. रक्षाविसर्जन उद्या सकाळी की परवा, पश्चात दोन मुलं की तीन, आडनावात एक अक्षर चुकलं तर घरची माणसं दुपारी ऑफिसात, आणि तो मजकूर घेणारा पोरगा बिचारा आदल्या रात्री फोनवर रडणाऱ्या माणसाला "स्पेलिंग सांगा" म्हणत असतो. टोलेडोत पण माणसं मरतातच की. जाहिरातीचं बिल वसूल करायला जाणारा असेल, छोट्या जाहिरातीत 'एक खोली भाड्यानं' चं 'एक खोली भांड्यानं' झालेलं असेल. एवढं पुरतं. मोठमोठे पाहुणे बोलावू नका, कुणाला बोटीवर धाडू नका, फ्लोरिडा तर नकोच.

उत्तर द्यायचं झालं तर मराठीत चालेल, इंग्रजीत पण चालेल, खालची अक्षरं वाचायची सवय झालीय. कानडीत आलं तरी हरकत नाही, आमच्या ऑफिस बॉयकडनं वाचून घेईन. फक्त सकाळच्या चहाच्या आधी पाठवा, नंतर तो "नाळे बर्री" म्हणतो.

आपली,
डिस्पॅच, उद्यमबाग, बेळगाव

ता.क. : त्या जुगाराच्या रात्री केविनला पत्त्यांत हरवणारी फिलिस होती, आणि तिला आपण काय पत्ते धरलेत ते पण माहीत नव्हतं. तुमच्या जुन्या फायलीत असेल बघा.